एक्स११ म्हणजे एसएस नव्हे: जुन्या अमेरिकन गाड्यांवरचे फॅक्टरी कोड कसे वाचायचे

जुन्या अमेरिकन गाड्यांच्या जाहिरातींत एक वाक्य हमखास भेटतं: "१९६९ची शेव्हरोले कॅमारो, टॅगवर एक्स११, म्हणजे अस्सल एसएस." एसएस म्हणजे सुपर स्पोर्ट, कॅमारोची जोरकस, महागडी आवृत्ती; टॅग म्हणजे कारखान्यात बोनेटखाली ठोकलेली छोटी पट्टी. या वाक्यातला पहिला भाग खरा असू शकतो. टॅगवर एक्स११ असेलही. पण तेवढ्यावरून गाडी एसएस ठरत नाही. या गैरसमजापायी साध्या कॅमारोला एसएसचा भाव लावला जातो आणि तो देणारेही भेटतात. जुन्या गाड्यांवर मनापासून प्रेम करणाऱ्या माणसाची अशी फसगत मला फार लागते, कारण तासाभराचा अभ्यास केला तर ती टळू शकते.

आधी हे पाहू, की त्या काळी अमेरिकेत गाडी विकत कशी घेतली जायची. आज आपण शोरूममध्ये जातो तेव्हा कंपनीने आधीच ठरवलेले चार-पाच व्हेरियंट समोर असतात. त्यातला एक निवडायचा, रंग सांगायचा, बुकिंग करून मोकळं व्हायचं. साठच्या दशकातला अमेरिकन गिऱ्हाईक मात्र डीलरसमोर बसून लांबलचक यादीवर खुणा करायचा. इंजिन कोणतं, गिअरबॉक्स कोणता, पुढे डिस्क ब्रेक हवेत का, रेडिओ हवा का, छतावर व्हाइनल चढवायचं का, मागच्या डिफरन्शियलचं प्रमाण किती. प्रत्येक पर्यायाला कंपनीच्या दप्तरी एक कोड होता. शेव्हरोले ज्या कंपनीचा विभाग, त्या जनरल मोटर्समध्ये त्याला आरपीओ म्हणत, म्हणजे रेग्युलर प्रॉडक्शन ऑप्शन. १९६९च्या कॅमारोत सी६० म्हणजे एसी, एन४० म्हणजे पॉवर स्टीअरिंग, यू६३ म्हणजे एएम रेडिओ, सी०८ म्हणजे व्हाइनलचं छत, डी८० म्हणजे स्पॉयलर. एम२० आणि एम२१ हे दोन्ही चार गिअरचे बॉक्स, फक्त एम२१चे गिअर एकमेकांना जास्त जवळ. एल७८ म्हणजे ३९६ घनइंचांचं, ३७५ हॉर्सपॉवरचं इंजिन. झेड२७ म्हणजे एसएस पॅकेज. आणि झेड२८ तर सगळ्यांना माहीत आहे.

झेड२८ हे नाव आधी असाच एक रुक्ष आरपीओ कोड होतं. ट्रान्स-अ‍ॅम शर्यतींत इंजिनाची मर्यादा ५ लिटरची, म्हणजे साधारण ३०५ घनइंचांची. शेव्हरोलेने आपल्या ३२७ घनइंचांच्या इंजिनाच्या ब्लॉकमध्ये २८३ घनइंचांच्या इंजिनाचा छोट्या स्ट्रोकचा क्रँक बसवून ३०२ घनइंचांचं इंजिन तयार केलं आणि ते ज्या पॅकेजमध्ये विकलं त्याचा यादीतला कोड झेड२८ होता. १९६७ साली अशा जेमतेम ६०२ गाड्या निघाल्या आणि त्यांच्यावर झेड२८चा बिल्लाही नव्हता. पुढे लोकांच्या तोंडी कोडच रुळला आणि कंपनीने तोच मडगार्डवर लावला.

१९६९ मॉडेलच्या २,४३,०८५ कॅमारो बनल्या. त्यांपैकी झेड२८ होत्या २०,३०२. पत्रा तोच, दरवाजे तेच, काचा त्याच. बिल्ले, बोनेट आणि पट्टे आज नवे विकत मिळतात. साध्या कॅमारोची झेड२८ करायला चांगल्या गॅरेजला फार दिवस लागत नाहीत. म्हणून विकत घेणारा माणूस बिल्ल्याकडे न पाहता कोडकडे पाहतो.

कोड वाचताना बहुतेक लोक आधी कोष्टक शोधतात: अमुक कोड म्हणजे काय, तमुक म्हणजे काय. त्याच्या आधी एक प्रश्न विचारायला हवा: ही पट्टी कोणासाठी लिहिली होती? शिंप्याच्या दुकानात कापडाला टाचलेली चिठ्ठी आठवा. तिच्यावर छाती, बाही, उंची असते, कारण बेतणाऱ्याला तेवढंच लागतं. बिल किती झालं, शर्ट कोणत्या लग्नासाठी आहे, हे त्या चिठ्ठीवर सापडणार नाही आणि ते तिथे नाही म्हणून कोणी शंकाही घेणार नाही. गाडीवरची प्रत्येक पट्टी कुठल्या तरी एका माणसाच्या कामासाठी ठोकलेली आहे. त्याला जे कळायला हवं होतं तेवढंच तिच्यावर आहे. पन्नास-साठ वर्षांनंतर आपण ती वाचू, असं तिथे कोणाच्या मनातही नव्हतं.

आता १९६९च्या कॅमारोपासूनच सुरुवात करू.

पहिला येतो व्हिन नंबर. आपल्याकडे आरसी बुकात ज्याला चॅसिस नंबर म्हणतात तोच हा. डॅशबोर्डच्या वर, ड्रायव्हरच्या बाजूला, समोरच्या काचेतून बाहेरून वाचता येतो. १९८१ सालापासून अमेरिकेत सगळ्या कंपन्यांना सतरा अक्षरांचा एकसारखा व्हिन सक्तीचा झाला. त्याआधी ज्याची त्याची पद्धत होती. १९६९च्या कॅमारोचा व्हिन तेरा अक्षरांचा आहे. समजा त्याची सुरुवात १२४३७९एन अशी आहे. १ म्हणजे शेव्हरोले विभाग. २४ म्हणजे व्ही-८ इंजिनाची कॅमारो. ३७ म्हणजे दोन दरवाज्यांची कूपे. ९ म्हणजे १९६९. एन म्हणजे ओहायोतला नॉरवुडचा कारखाना. त्यापुढे सहा आकडी क्रमांक, ज्याची सुरुवात ५००००१ पासून होते. दुसरा कारखाना कॅलिफोर्नियात व्हॅन नाइसला होता. त्याचं अक्षर एल.

व्हिन सरकारी नोंदणीसाठी आणि मालकी ठरवण्यासाठी. नोंदणी कार्यालयाला स्पॉयलरशी काही देणंघेणं नव्हतं. म्हणून कॅमारोच्या व्हिनमध्ये एसएस नाही, झेड२८ नाही, इंजिन कोणतं हेही नाही. सहा सिलिंडर की आठ, एवढंच कळतं. पण तेवढ्यानेही मोठं काम होतं. व्हिन १२४ ऐवजी १२३ने सुरू होत असेल तर ती गाडी कारखान्यातून सहा सिलिंडरची निघाली होती. एसएस आणि झेड२८ दोन्ही व्ही-८च. मग पुढचं काही पाहायचं कारण उरत नाही. तसंच ३७च्या जागी ६७ असेल तर गाडी कन्व्हर्टिबल आहे, आणि १९६९ साली गिऱ्हाइकाला झेड२८ कन्व्हर्टिबलमध्ये मिळत नव्हती. झेड२८ घेतली की चार गिअरचा मॅन्युअल बॉक्स घ्यावाच लागे आणि एसी मिळत नसे. कोणी "फॅक्टरी ऑटोमॅटिक झेड२८" दाखवली तर कोष्टक उघडायचीही गरज नाही. कोणते कोड एकत्र येऊच शकत नाहीत हे माहीत असणं सुट्या कोडांच्या पाठांतरापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

आता ज्या टॅगवरून सगळा गोंधळ होतो त्याकडे येऊ. बोनेट उघडलं की इंजिनाच्या मागे जो उभा पत्रा दिसतो, ज्याला फायरवॉल म्हणतात, त्यावर ड्रायव्हरच्या बाजूला एक छोटी पट्टी असते. हा ट्रिम टॅग. त्यावर साधारण असा मजकूर असतो: पहिल्या ओळीत एसटी ६९ १२४३७, मग एनओआर आणि बॉडीचा क्रमांक. दुसऱ्या ओळीत टीआर ७११, मग ७२ ७२ आणि पीएनटी. शेवटच्या ओळीत ०४सी आणि कधी कधी एक्सने सुरू होणारा कोड.

ही पट्टी शेव्हरोलेची नाही, फिशर बॉडीची आहे. जनरल मोटर्सच्या गाड्यांच्या बॉड्या फिशर बॉडी हा विभाग बनवायचा. वेल्डिंग, रंग, आतली गादी आणि अस्तर हे सगळं त्यांच्याकडे. रंगवलेली, सजवलेली बॉडी ते शेव्हरोलेच्या लाइनवर पाठवायचे. इंजिन, गिअरबॉक्स, चाकं तिथे बसायची. हे एकदा लक्षात आलं की टॅग आपोआप उलगडतो. एसटी म्हणजे बॉडीचा प्रकार. टीआर म्हणजे ट्रिम, आतली सजावट. ७११ म्हणजे काळं साधं व्हाइनल. पीएनटीच्या आधीचे दोन आकडे रंगाचे, खालचा भाग आणि वरचा भाग. ७२ म्हणजे हगर ऑरेंज, तो भडक नारिंगी. दुसऱ्या आकड्याच्या जागी बी हे अक्षर असेल तर वर काळं व्हाइनलचं छत. रंगारी आणि गादीवाला, दोघांचं काम भागलं. इंजिन कोणतं हे फिशरच्या कामगाराला कशाला हवं? म्हणून ट्रिम टॅगवर इंजिन नाही, गिअरबॉक्स नाही, एसी नाही, रेडिओ नाही. "टॅगवर एसी नाही म्हणजे एसी नंतर बसवला" हा निष्कर्षही याच कारणाने चुकीचा.

०४सी म्हणजे चौथा महिना, तिसरा आठवडा. वर्ष लिहिलेलं नाही, आणि १९६९च्या कॅमारोत इथे एक गंमत आहे. पुढचं मॉडेल रखडलं म्हणून ही गाडी १९६८च्या उन्हाळ्याच्या शेवटापासून थेट नोव्हेंबर १९६९पर्यंत बनत राहिली. म्हणजे टॅगवर १०बी असेल तर तो ऑक्टोबर १९६८चा की १९६९चा? टॅग सांगत नाही. व्हिनमधला क्रमांक पाहायचा: पाच लाखांच्या सुरुवातीचा असेल तर १९६८, खूप पुढचा असेल तर १९६९.

आता एक्स कोड. नॉरवुडच्या कारखान्यात १९६८च्या डिसेंबरच्या सुमारास ट्रिम टॅगवर हे कोड येऊ लागले. व्हॅन नाइसच्या १९६९च्या गाड्यांवर ते नसतात. त्यामुळे व्हॅन नाइसची गाडी "एक्स कोड नाही" म्हणून नाकारणं हाही अन्याय. फिशरच्या माणसाला एवढंच कळायला हवं होतं, की या बॉडीवर बाहेरच्या चकचकीत पट्ट्या लावायच्या का आणि मागचा, दिव्यांमधला पत्रा काळा करायचा का. ३९६ घनइंचांच्या मोठ्या इंजिनाच्या एसएसचा मागचा पत्रा काळा असायचा. म्हणून तिला स्वतंत्र कोड मिळाले: बाहेरची सजावट असेल तर एक्स२२, नसेल तर एक्स६६. झेड२८चे कोड एक्स३३ आणि एक्स७७. सजावटीशिवायची, ३५० इंजिनाची एसएस म्हणजे एक्स५५. काहीच नसलेली साधी बॉडी एक्स४४.

आणि एक्स११? बाहेरच्या सजावटीचं पॅकेज, बाकी वेगळं काही नाही. ३५० इंजिनाची एसएस सजावटीसह घेतली असेल तर तिच्यावर एक्स११ यायचा. पण छोट्या व्ही-८ची किंवा सहा सिलिंडरची साधी कॅमारो त्याच सजावटीसह घेतली असेल तर तिच्यावरही एक्स११च. पट्ट्या लावणाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही बॉड्या सारख्या होत्या, म्हणून त्याने दोन्हींसाठी एकच कोड वापरला. एक्स११ म्हणजे "ही एसएस असू शकते" इतकंच. एक्स२२, एक्स६६, एक्स३३, एक्स७७ हे खरोखर काही सांगतात. एक्स११ जवळजवळ काहीच सांगत नाही, आणि जाहिरातींत मिरवला मात्र तोच जास्त जातो.

ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या टॅगवर एक्स कोड असेल तर वर्षाचा प्रश्नही सुटतो. १९६८च्या ऑक्टोबरात ते कोड नव्हतेच, मग ती गाडी १९६९च्या शेवटच्या महिन्यांतली.

इंजिन ओळखायचं तर इंजिनाकडेच जावं लागतं. शेव्हरोलेच्या व्ही-८ ब्लॉकवर उजव्या बाजूला, पुढे, आल्टरनेटरच्या मागे आणि सिलिंडर हेडच्या अगदी पुढे बोटभर रुंद सपाट जागा असते. तेल-काजळी पुसून, टॉर्च तिरकी धरून पाहिलं की तिथे ठोकलेली अक्षरं दिसतात. उदाहरणार्थ व्ही०११५डीझेड. व्ही म्हणजे फ्लिंटचा इंजिन कारखाना, टी असतं तर टोनावांडा. ०११५ म्हणजे १५ जानेवारी, इंजिन जोडलं तो दिवस. डीझेड म्हणजे झेड२८चं ३०२ इंजिन. हा शिक्का लाइनवर इंजिन उतरवून घेणाऱ्या माणसासाठी. त्याच्या कागदावर डीझेड आहे, समोर टांगलेल्या इंजिनावर डीझेड आहे, बसवा.

शेजारी दुसरा नंबर असतो: १९एन आणि मग व्हिनमधले शेवटचे सहा आकडे. हे इंजिन याच गाडीत बसलं होतं, याचा हा पुरावा. दोन्ही जुळले की गाडी "नंबर्स मॅचिंग" म्हणायची. या दोन शब्दांवर किमतीत मोठा फरक पडतो, म्हणून खोटे नंबर ठोकण्याचा धंदाही चालतो. त्यासाठी नजर अक्षरांवर नको, अक्षरांच्या खालच्या पृष्ठभागावर हवी. कारखान्यात ब्लॉकचा वरचा भाग ब्रोच नावाच्या हत्याराने एका फटक्यात तासला जायचा. त्याच्या बारीक, समांतर रेघा पुढून मागे धावत राहायच्या आणि नंबर त्यांच्यावर ठोकला जायचा. जुना नंबर घासून नवा ठोकला तर त्या रेघा पुसल्या जातात. जागा गुळगुळीत दिसते, किंवा सँडपेपरच्या गोल खुणा दिसतात. रेघा अखंड आणि अक्षरं त्यांना चिरत खाली गेलेली, असं दिसलं तर जीव भांड्यात पडतो. इंजिनचं मशिनिंग पुन्हा झालं असेल तर प्रामाणिक मालकाच्या गाडीतही रेघा गेलेल्या असतात, हेही ध्यानात ठेवावं. शिक्क्यात सीई ही अक्षरं दिसली तर घाबरू नये. वॉरंटीत बदलून दिलेल्या ब्लॉकवर ती असायची.

ब्लॉक ओतला त्याची तारीखही ब्लॉकवर उठवलेली असते: ए १५ ९ म्हणजे १५ जानेवारी, वर्षाचा शेवटचा आकडा ९. दशक लिहिलेलं नाही. ३९७००१० हा प्रसिद्ध ब्लॉक सत्तरच्या दशकभर वापरात राहिला, त्यामुळे तो ९ १९६९चाही असू शकतो आणि १९७९चाही. म्हणून एका आकड्यावर कधीच थांबायचं नाही. ब्लॉक आधी ओतला जातो, मग इंजिन जोडलं जातं, मग ते गाडीत बसतं. तिन्ही तारखा याच क्रमाने आणि फार अंतर न ठेवता यायला हव्यात. इंजिनची तारीख जून आणि बॉडीचा आठवडा एप्रिलचा, असं आढळलं तर बाकी सगळं कितीही सुंदर असलं तरी ते इंजिन त्या गाडीचं नाही.

क्रायस्लरकडे वळलं की वाटतं, आता सुटलो. त्या कंपनीच्या डॉज आणि प्लिमथ या ब्रँडच्या १९७०च्या आसपासच्या गाड्यांत डाव्या मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर फेंडर टॅग असतो आणि त्यावर पर्यायांची यादीच ठोकलेली असते. तो खालून वर वाचायचा. वरून सुरुवात करणाऱ्याला तो नुसता अक्षरांचा खच वाटतो. तळाच्या ओळीत इंजिन, गिअरबॉक्स आणि व्हिन. ई७४ म्हणजे ४२६ घनइंचांचं, हेमी नावाचं क्रायस्लरचं नामांकित इंजिन, ई८६ म्हणजे ४४०, ई८७ म्हणजे तीन कार्ब्युरेटरवालं ४४०. डी२१ म्हणजे चार गिअर, डी३२ म्हणजे भक्कम टॉर्कफ्लाइट ऑटोमॅटिक. त्याच्या वर रंग, ट्रिम, ठरलेली तारीख आणि ऑर्डर नंबर. महिने १ ते ९ आकड्यांत, पुढे ऑक्टोबरला ए, नोव्हेंबरला बी, डिसेंबरला सी. म्हणजे बी०४ म्हणजे ४ नोव्हेंबर. त्याच्यावरच्या ओळींत पर्याय, अक्षरांच्या क्रमाने: बी४१ पुढचे डिस्क ब्रेक, बी५१ पॉवर ब्रेक, सी१६ कन्सोल, जे४५ बोनेटच्या पिना, एन९६ बोनेटमधून थेट हवा घेणारी यंत्रणा, आर११ रेडिओ, व्ही१एक्स काळं व्हाइनलचं छत. शेवटी ईएनडी, यादी संपली.

मला यातले रंगांचे कोड फार आवडतात. १९७० साली एफसी७ हा जांभळा रंग डॉजच्या शोरूममध्ये "प्लम क्रेझी" नावाने विकला जायचा आणि प्लिमथच्या शोरूममध्ये "इन व्हायलेट" नावाने. ईव्ही२ हा तांबडा-नारिंगी डॉजकडे "हेमी ऑरेंज" आणि प्लिमथकडे "टॉर रेड". डबा एकच, रंगाऱ्यासाठी कोड एकच, नावं जाहिरात खात्याची.

क्रायस्लरचा व्हिन जनरल मोटर्सपेक्षा बोलका आहे. १९७०चा बीएस२३आर०बी घ्या. बी म्हणजे बाराकुडा, एस म्हणजे खास दर्जा, अर्थात 'कुडा, २३ म्हणजे दोन दरवाज्यांची हार्डटॉप, आर म्हणजे हेमी, ० म्हणजे १९७०, शेवटचा बी म्हणजे हॅमट्रॅमकचा कारखाना. त्या एका आर अक्षराची किंमत कळण्यासाठी एवढंच सांगतो, की १९७१च्या चार गिअरच्या एका हेमी 'कुडा कन्व्हर्टिबलचा २०१४ साली लिलावात ३५ लाख डॉलरला सौदा झाला.

पण फेंडर टॅगलाही मर्यादा आहेत. सगळ्या कारखान्यांनी सगळे पर्याय त्यावर ठोकले नाहीत, आणि टॅग फक्त स्क्रूने बसवलेला असतो, म्हणजे काढता-घालता येतो. नवे टॅग बनवूनही मिळतात. म्हणून त्याच्या जोडीला ब्रॉडकास्ट शीट शोधतात. लाइनवरच्या प्रत्येक ठाण्याला काय बसवायचं हे सांगणारा हा कागद. काम झालं की कामगार तो सीटच्या स्प्रिंगांत, ग्लोव्ह बॉक्सच्या वर किंवा गालिच्याखाली सोडून द्यायचे. मागची सीट उचलल्यावर उंदराने कुरतडलेला, पिवळा पडलेला असा कागद हाती लागला आणि त्याच्यावरचा ऑर्डर नंबर टॅगवरच्या नंबराशी जुळला, की त्याच्याइतका भक्कम पुरावा दुसरा नाही.

आपल्याकडच्या जुन्या गाड्यांबद्दल इथेच सांगून ठेवतो. मुंबईत कुर्ल्याला प्रीमिअर ऑटोमोबाइल्सने डॉज, प्लिमथ, डिसोटो जोडल्या. शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना १९२८पासून चालला. घरात आजोबांची अशी डॉज असेल तर तिला ही कोष्टकं लावू नका. त्या गाड्या या कोडांच्या काळाआधीच्या आहेत.

फोर्डचं थोडक्यात. १९६५च्या मस्टँगच्या दारावर डेटा प्लेट असते. व्हिन ५एफ०९के असा सुरू झाला तर ५ म्हणजे १९६५, एफ म्हणजे डिअरबॉर्नचा कारखाना, ०९ म्हणजे फास्टबॅक, के म्हणजे २८९ घनइंचांचं, २७१ हॉर्सपॉवरचं इंजिन. प्लेटवर रंग, ट्रिम, तारीख, विक्री जिल्हा, अ‍ॅक्सल आणि गिअरबॉक्स. गिअरबॉक्सच्या रकान्यात ५ म्हणजे चार गिअरचा मॅन्युअल, ६ म्हणजे सी४ ऑटोमॅटिक. अ‍ॅक्सलच्या रकान्यात आकडा असेल तर साधा डिफरन्शियल, अक्षर असेल तर लॉकिंग. महिने अक्षरांत, पण आय वगळलेलं, म्हणून डिसेंबर एलवर न संपता एमवर संपतो. जनरल मोटर्सच्या ब्लॉकवर मात्र आय वापरलेलं आहे. १९६७पासूनच्या फोर्ड गाड्यांचा मूळ ऑर्डरचा तपशील मार्टी ऑटो वर्क्सकडून अहवालाच्या रूपात मिळतो, कारण फोर्डची ती माहिती त्यांच्याकडे परवान्याने आहे. हा अहवाल हाती असताना दारावरच्या प्लेटवर वाद घालत बसण्यात अर्थ नाही.

पॉन्टिअ‍ॅकया जनरल मोटर्सच्याच विभागाच्या जुन्या बिलांच्या नोंदी पीएचएस या संस्थेकडे आहेत, आणि १९६४-६५च्या जीटीओसाठी त्यांच्याशिवाय पर्याय नाही. त्या दोन वर्षांत जीटीओ ही ले मान्स या मॉडेलवर घ्यायची ऑप्शन होती, स्वतंत्र मॉडेल नव्हतं. त्यामुळे ज्या गाडीने अमेरिकेत मसल कारचं युग आणलं असं म्हणतात, तिच्या व्हिनवर जीटीओची खूणच नाही. १९६६पासून २४२ ही स्वतंत्र मालिका आली आणि प्रश्न मिटला.

शेव्हरोलेने साठच्या दशकातल्या कॅमारोंच्या पर्यायांची अशी गाडीनिहाय नोंद सांभाळली नाही. कॅनडात नवी विकलेली गाडी असेल तर जनरल मोटर्स कॅनडाकडे कागद मिळतो. एरवी पहिल्या मालकाचं बिल, डीलरची खिडकीवरची किंमत-चिठ्ठी, किंवा वॉरंटीच्या पुस्तिकेत चिकटवलेली प्रोटेक्ट-ओ-प्लेट ही छोटी धातूची पट्टी, जिच्यावर व्हिनसोबत इंजिन, गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सलचे कोड असतात. ही पट्टी डीलरच्या सर्व्हिस काउंटरसाठी होती, म्हणून यांत्रिक भागांची माहिती तिच्यावर आहे आणि गादीच्या रंगाला तिथे फारसं महत्त्व नाही. हिच्याही नकला निघतात.

या सगळ्याची खरी कसोटी कोपो गाड्यांवर लागते. जनरल मोटर्सचा नियम होता, की मध्यम आणि छोट्या गाड्यांत ४०० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. कोपो म्हणजे सेंट्रल ऑफिस प्रॉडक्शन ऑर्डर. ही यंत्रणा टॅक्सी आणि सरकारी गाड्यांच्या खास मागण्यांसाठी होती: वेगळा रंग, जाड सीट, असलं काही. शेव्हरोलेचे व्हिन्स पिगिन्स आणि काही डीलर यांनी तिच्यातूनच वाट काढली. १९६९साठी कोपो ९५६१खाली लोखंडी ब्लॉकचं ४२७ घनइंचांचं इंजिन कॅमारोत मिळू लागलं आणि कोपो ९५६०खाली अ‍ॅल्युमिनियमचं झेडएल१. झेडएल१ इंजिनाचीच किंमत ४,००० डॉलरच्या वर, म्हणजे अख्ख्या साध्या कॅमारोपेक्षा जास्त. इलिनॉयमधल्या ला हार्पच्या फ्रेड गिब यांनी अशा ५० गाड्या मागवल्या. एकूण बनल्या ६९.

या गाड्यांवर एसएसचा बिल्ला नाही. व्हिन १२४३७९एन, शेजारच्या गुमास्त्याच्या व्ही-८ कॅमारोसारखाच. ट्रिम टॅगवर एक्स४४ किंवा एक्स११, कारण फिशरच्या माणसासाठी ती साधीच बॉडी होती. कोपो क्रमांक टॅगवर कुठेही नाही. मग ओळखायची कशी? ब्लॉकवरच्या शिक्क्यावरून: ४२७च्या लोखंडी इंजिनाला चार गिअरसोबत एमएन, ऑटोमॅटिकसोबत एमओ; झेडएल१ला एमएल आणि एमएम. मागच्या अ‍ॅक्सलच्या नळीवर बीई, म्हणजे ४.१०चं प्रमाण. डीलरचं बिल असलं तर त्यावर तो चार आकडी क्रमांक. ब्लॉक बदललेला असेल आणि अ‍ॅक्सलही गेला असेल, तर व्हिन आणि टॅग दोन्ही अस्सल असूनही त्या गाडीबद्दल काहीच सिद्ध करता येत नाही. म्हणून अशी गाडी पाहायला गेलात तर बोनेट उघडण्याआधी जॅक लावा, खाली शिरा आणि अ‍ॅक्सलच्या नळीवरचा गंज तारेच्या ब्रशने हलक्या हाताने काढून ती दोन अक्षरं वाचा. घाईत फारसं कोणी तिथे पाहत नाही, आणि ती खोटी करायचं विक्रेत्यालाही सहसा सुचत नाही.